दारावरची पाटी

आमच्या वस्तीत मी चालवते त्या अभ्यासिकेत पाण्याचा नळ समुपदेशक मॅडमच्या खोलीसमोरच आहे. गेल्या गुरुवारी दहावीतली सोनल तिथे बाटली भरत होती. भरली की ओतून द्यायची, पुन्हा भरायची. असं तीनदा झालं, आणि नजर मात्र दाराकडे.

"काय गं, टँकर भरतेस का?" रांगेत मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली.

"आत जायचंय तिला. डोक्यावर परिणाम झालाय!" दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. सोनलही हसली आणि सरळ घरी गेली.

चूक माझी आहे. पूर्वी त्या दारावर काही लिहिलेलं नव्हतं. मुली "बाई, डोकं दुखतंय" म्हणून आत जायच्या, पोटभर रडून बाहेर यायच्या आणि अभ्यासाला बसायच्या. कुणी काही विचारत नसे. मला सगळं नीटनेटकं लागतं, म्हणून मी 'मानसिक आरोग्य कक्ष' अशी ठळक पाटी लावून घेतली. मदतीला आपण नाव देतो ते बहुधा आपल्या सोयीसाठी. जिला ती हवी असते, तिला ते नाव चारचौघींसमोर अंगावर घ्यावं लागतं. एका खोलीत सहा माणसांबरोबर राहणाऱ्या मुलीला रडायला आडोसा लागतो, एवढं मला कळायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी मी पाटी उतरवली. सोनल तरीही अभ्यासिकेत आली नाही. आज तिच्या घरी गेले, तर तिने पुस्तकं सुतळीने बांधून ठेवलेली.

"कुणाला तरी द्या, बाई," ती म्हणाली.

मी ती घेतली नाहीत. तिथेच तिच्याशेजारी खाली बसले.