भवानीसमोरची खुर्ची

जयलक्ष्मीबाईंचं आणि भवानीचं बिनसलं ते एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, इरा. सांगलीहून म्हैसूरला आले, हूटगळ्ळीला एका कंपनीत लागले आणि बन्नीमंटपात त्यांचं घर मिळालं. घर बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्नाचं काय तेही विचारलं नाही. स्कूटर आहे का, एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर किल्ली हातात ठेवली.

बाईंचे पूर्वज कधीकाळी घोडदळातून इकडे आले आणि म्हैसूरच्या महाराजांच्या चाकरीत राहून गेले. घरात अजून मराठी चालते, पण दर वाक्यात दोन कानडी शब्द पाहुण्यासारखे येऊन बसलेले. बाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. "मी जन्मभर बसून खाल्लं ग," असं त्या सगळ्यांना अभिमानाने सांगत. नवरा फत्तेसिंगराव पोलिसात हवालदार होता, तो चार वर्षांपूर्वी गेला. मागच्या वर्षी बाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी बजावलं की आता आयुष्यात जमिनीवर बसायचं नाही.

त्यांच्या लोकांचं भवानीचं एक लहानसं देऊळ आहे, आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. दर शुक्रवारी संध्याकाळी आरती. बऱ्या झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी बाई माझ्या मागे स्कूटरवर बसल्या, मांडीवर घरातली निळी खुर्ची आडवी धरून. देवळात शिरल्या, खांबाजवळ खुर्ची मांडली आणि बसल्या. आरती सुरू व्हायच्या आत त्यांचे धाकटे दीर दत्तोजीराव आले. ते देवळाचे सेक्रेटरी. सदऱ्याला कडक इस्त्री, आवाजालाही तशीच. देवीसमोर कुणी उंच बसत नाही, तसा नियम आहे, असं त्यांनी सांगितलं.

"भावजी, ती सिंहावर बसलीय," बाई म्हणाल्या. "मी प्लॅस्टिकवर. उंच कोण, तुम्हीच बघा."

दत्तोजीरावांनी बघितलं नाही. नियम दुसऱ्यांदा सांगितला. बाईंनी खुर्ची उचलली आणि बाहेर आल्या. स्कूटरवर बसताना मला म्हणाल्या की देव काही एवढा एकच नाही, आपण दुसरा बघू. भाजीवाला बदलावा इतक्या सहज.

शोध खरोखरच सुरू झाला. बाईंची परीक्षा सोपी होती. दारात जाऊन उभं राहायचं आणि मनात साठपर्यंत मोजायचं. तेवढ्यात कुणी "बन्नी, कूत्कोळ्ळी", म्हणजे या, बसा म्हणालं, तर तो देव चांगला. एक्स्चेंजमध्ये त्या कुणाला साठच्या पुढे ताटकळत ठेवत नसत. देवाला वेगळा न्याय कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या रविवारी आम्ही चर्चमध्ये गेलो. बाईंचं मोजणं अकरापर्यंत आलं होतं. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्यांचा हात धरून थेट दुसऱ्या बाकावर नेऊन बसवलं. बाकाला पाठ टेकायची सोय होती. बाईंनी पाठ टेकली आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की पुढचे चार जण वळले. मध्येच सगळे गुडघे टेकायला लागले तेव्हा त्या घाबरल्या, पण शिक्षिकाबाईंनी खांदा दाबून तुम्ही बसाच म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी मेरीच्या पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ह्यांच्यात आई उभी नि लेकरं बसलेली," त्या म्हणाल्या. "आमच्यात उलटं. आई ऐटीत बसलीय, लेकरांचे पाय मोडलेत."

गुरुवारी दर्गा. तिथे कडुलिंबाखाली दगडी कट्टा होता आणि म्हातारे मुजावर होते. बाई तोंड उघडून दोन वाक्यं बोलल्या असतील, मुजावर टक लावून बघायलाच लागले. मग त्यांनी कानडीत विचारलं की तुम्ही टेलिफोनमधल्या बाई का. त्यांचा भाऊ चाळीस वर्षांपूर्वी दुबईला होता, आई इथे आजारी. कॉल लावून देणारा आवाज त्यांच्या डोक्यात राहून गेला होता. एकदा तुम्ही कॉल तोडायच्या वेळी तोडला नाहीत, आई आणखी पाच मिनिटं बोलली, असं ते म्हणाले. बाईंना काही आठवत नव्हतं. माझं लक्ष नसेल, डुलकी लागली असेल, असं त्या म्हणाल्या. पण परत येताना स्कूटरवर त्यांनी दुबईच्या कॉलची पाच मिनिटं किती रुपयांची होतात याचा हिशेब दोनदा केला.

गुरुद्वारात जमिनीवरच बसतात, तेव्हा तिथे आपण नापास करणार असं बाईंनी आधीच ठरवलं होतं. पण मागे भिंतीला लागून म्हाताऱ्यांसाठी बाकडी होती. जेवणही बाकड्यावर आणून दिलं. पोळी बघून बाईंचं तोंड वाकडं झालं. जेवण आटोपून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथल्या सरदारणीला पोळी गोल कशी लाटतात ते उंच ओट्याशी उभं राहून दाखवू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दीड तास भांडल्या. पुढच्या रविवारी या, असं निघताना तिनेच सांगितलं.

दोन महिने असे गेले. मग बातमी देवळात पोचली, आणि पोचेपर्यंत तिने अंग धरलं होतं. जयलक्ष्मीबाईंनी गळ्यात क्रूस घातला, त्यांना पंजाबी यायला लागली, असं लोक एकमेकांना सांगत होते. दत्तोजीरावांनी कमिटी बोलावली आणि बाईंना दुपारी चारला देवळात यायचा निरोप धाडला.

बाई गेल्या. मीही गेले. आत सतरंजीवर पाच म्हातारे मांडी घालून बसले होते. बाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. मला खाली बसता येत नाही आणि तुमच्यात खुर्ची चालत नाही, तेव्हा मी समोर आहे, असं त्यांनी सांगितलं आणि गल्ली ओलांडून चहाच्या टपरीवर गेल्या. टपरीवाल्याने सवयीने बाक पुसला आणि बन्नी, कूत्कोळ्ळी म्हणाला.

आत थोडी कुजबुज झाली. मग कमिटी उठली. उठायला तिला बराच वेळ लागला. एकाने खांब धरला, एकाने दुसऱ्याला धरलं. पाची जण चपला घालून रस्ता ओलांडून आले आणि बाईंसमोर ओळीने उभे राहिले. न्यायाधीश उभे आणि आरोपी बसलेला, हातात चहाचा ग्लास, असं काहीतरी ते दिसत होतं.

"वहिनी, तुम्ही धर्म बदललात काय?" दत्तोजीरावांनी विचारलं.

"नाही भावजी. जागा बदलली."

दत्तोजीरावांनी मग पूर्वजांची आठवण काढली. कुठून कुठे आले, तलवारी गाजवल्या, पण देवीपुढचे नियम मोडले नाहीत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते घोडदळातले, भावजी. त्यांनी लढायासुद्धा बसूनच केल्या."

कमिटीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला हसू आवरेना, त्याने खोकल्याचं सोंग केलं. दत्तोजीरावांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते. देऊळ झाडणं, दिवे पुसणं, गळकं छप्पर दुरुस्त करून घेणं, सगळं तेच करत आले होते, आणि कुणी त्यांना कधी धन्यवाद दिले नव्हते. त्यांचा आवाज खाली आला. दादा असते तर त्यांना हे आवडलं नसतं, असं ते म्हणाले.

बाईंनी ग्लास खाली ठेवला.

"तुमचे दादा शेवटची दोन वर्षं दर शुक्रवारी ह्या बाकावर बसायचे," त्या म्हणाल्या. "त्यांनाही खाली बसता येत नव्हतं. तुम्हांला सांगायची त्यांना लाज वाटायची. इथून आरती ऐकायचे नि घरी यायचे."

"मला वाटायचं, चहाला येतात," दत्तोजीराव म्हणाले.

"चहा त्यांना बंद होता."

टपरीवाल्याने मान हलवली. तोही म्हणाला की हवालदार कधी चहा घेत नसत, नुसते बसत. दत्तोजीरावांनी देवळाकडे एकदा वळून पाहिलं. मग बाईंच्या शेजारी बाकावर बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि इस्त्रीच्या सदऱ्याने ते पुसावेत की नाही ते त्यांना कळत नव्हतं. बाईंनी पदर पुढे केला. कमिटीचा ठराव वगैरे काही झाला नाही. चौघे जण हळूहळू पांगले.

पुढच्या शुक्रवारी देवळात उजव्या भिंतीला लाकडी बाक आला. नियम मोडला म्हणायला नको म्हणून दत्तोजीरावांनी तो आडवा लावला होता, देवीसमोर नव्हे, बाजूला. त्यावर सगळ्यात आधी जाऊन बसल्या त्यांच्याच पत्नी ईश्वरीबाई. त्यांचे गुडघे सात वर्षांपासून दुखत होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. पाठोपाठ आणखी तिघी. जयलक्ष्मीबाईंना कडेला जेमतेम जागा मिळाली. आरती झाल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. बाजूने देवीचं नाक जरा मोठं दिसतं, त्या म्हणाल्या, पण माहेरचं माणूस आहे, चालवून घ्यायचं.

आता बाकीच्या फेऱ्या बंद होतील असं मला वाटलं होतं. रविवारी सकाळी बाई नेहमीसारख्या फाटकात उभ्या. बाक तर मिळाला, आता चर्चला कशाला, असं मी म्हटलं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

"काम झालं की ओळख सोडायची? त्या लोकांनी काय वाईट केलं आपलं? चल, सुम्ने उगाच काही बोलू नकोस."

तर चर्च चालू राहिलं, दर्गा चालू राहिला. मुजावरांच्या भावाने दुबईहून खजूर पाठवले, ते बाईंनी भवानीला दाखवले आणि कुठून आले ते कुणाला सांगितलं नाही. गुरुद्वारात त्यांना आता एप्रन दिला आहे.

मागच्या महिन्यात एका रविवारी गुरुद्वारात जाताना बाईंनी आमच्या स्कूटरमागे एक रिक्षा घेतली; रिक्षात ईश्वरीबाई आणि दत्तोजीराव. दत्तोजीरावांनी डोक्याला पांढरा रुमाल इतका घट्ट बांधला होता की भुवया वर चढल्या होत्या. आपण फक्त सोबत म्हणून आलो आहोत, जेवणार नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. आत गेल्यावर सरदारणीने त्यांच्यापुढे मटारची टोपली ठेवली. तासाभराने मी बघायला गेले तर ते उंच स्टुलावर बसून शेंगा सोलत होते आणि शेजारच्या तरुण सरदारजीला कानडीत शिस्तीचं महत्त्व सांगत होते. त्याला कानडी येत नव्हती. तो मान डोलवत होता आणि दत्तोजीरावांची टोपली रिकामी झाली की न विचारता पुन्हा भरत होता.