पंपाची जाळी

साहेबानं पितळी मुठीची छडी खाणीच्या पाण्यात भिरकावली आणि म्हणाला, "जा ढिवऱ्या, आण!"

त्याचे पाहुणे हसले. मी बुडी मारली. छडी हातात धरून वर आलो, तोंडात नाही, एवढाच काय तो कुत्र्यात अन् माझ्यात फरक. त्यानं ती रुमालानं पुसली. पुन्हा फेकली.

स्वराज्य आलं होतं. खाणीचा साहेब गोरा नव्हता, आपलाच होता.

मी चांद्याकडचा ढिवर. आमची घरं गावच्या तलावातल्या मासोळीवर जगायची. शेजारी कोळशाची खाण निघाली. खाणीत साचलेलं पाणी पंप उपसायचा. पाइपाच्या तोंडाची जाळी गाळानं बुजली की मला बोलावणं यायचं. खाली जाऊन चाचपत ती मोकळी करायची. माझ्याएवढा दम कुणाचा नव्हता. मला त्याचा माज होता, खोटं कशाला सांगू? छडी आणून देतानाही मी दात काढत होतो. त्या हसण्याचीच आज जास्त चीड येते.

त्याच संध्याकाळी बायकोनं टोपली माझ्यापुढे उपडी केली. मेलेल्या मरळी. कल्ल्यांत काळा गाळ.

"तलावात हे काळं पानी कुठून येऊन राह्यलं?"

"खाणीतून. पंपाचा पाइप तिकडंच सोडला."

"अन् त्या पंपाची जाळी कोन साफ करते?"

बापानं शिकवलेल्या बुडीनं मी बापाचा तलाव मारत होतो.

सकाळी साहेबाकडे गेलो. "सायेब, पाइप दुसरीकडे वळवा. मासे मरून राह्यले."

त्यानं मानही वर केली नाही. "तलाव तुझ्या बापाचा आहे का?"

चार दिवसांनी जाळी बुजली. पाणी चढलं, काम थांबलं. साहेब काठावर आला.

"उतर."

"नाई उतरत. पयले पाइप वळवा."

त्यानं छडी उगारली. मी ती हिसकली अन् पाण्यात फेकली.

"आना आता तुमीच."

मला हाकललं. दुसऱ्या गावचा ढिवर आणला, पंप सुरू झाला. तलाव काळाच राहिला. मी बायकोची टोपली उचलली, तीत मेलेल्या मरळी भरल्या अन् त्या ढिवराच्या दारात ओतल्या. आता वैनगंगेपर्यंत आमच्या जातीची जेवढी घरं आहेत, तेवढ्या दारांत ओतीन. त्या जाळीपाशी आमच्यातला एकही माणूस बुडी मारणार नाही.