दोन बोटांनी उचललेला दांडा

फिनाईलचा उग्र दर्प आणि मोहाच्या फुलांचा गोड, किंचित आंबूस वास एकाच श्वासात नाकात शिरला, की इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापतं. मोहाच्या वासाने लोकांना गुंगी येते म्हणतात. मला राग येतो. फाल्गुनातलं कोवळं ऊन सागाच्या उघड्याबोडक्या फांद्यांतून घाटावर उतरलेलं, रस्त्याच्या कडेला आमचा फिरता दवाखाना कुशीवर आडवा झालेला, फुटलेल्या बाटल्यांतलं फिनाईल मातीत जिरतंय आणि त्याच मातीवर मोहाची टपोरी पिवळट फुलं काही घडलंच नाही अशी टपटपताहेत, हे सगळं त्या वासासरशी डोळ्यांपुढे उभं राहतं. मग हातातलं काम मला खाली ठेवावं लागतं. घरातली माणसं आताशा काही विचारत नाहीत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि महायुद्ध संपून थोडाच काळ लोटला होता. परतवाड्यात दवाखाना चालवणाऱ्या एका धर्मादाय मंडळाने लष्करी सामानाच्या लिलावातून एक दोनचाकी लोखंडी गाडा घेतला, त्यावर सागवानी फळ्यांची इवलीशी खोली उभारली, मागच्या बाजूला दार ठेवलं आणि जुन्या मोटारीमागे ती जोडून मेळघाटातल्या गावांसाठी फिरता दवाखाना सुरू केला. त्या खोलीला सगळे ‘डबा’ म्हणत. मी अमरावतीला सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेऊन नुकतीच तिथे नर्स म्हणून लागले होते. डॉक्टरसाहेब अकोल्याच्या बड्या घरातले, नागपूरला शिकलेले. हाताला यश होतं, आणि रोग्यावर ते कधी खेकसले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मोटार चालवत रहीमभाई. ते अचलपूरचे, बंड्या म्हणजे बैलगाड्या बनवणाऱ्याच्या घरातले. बैलगाडीचं चाक वडिलांच्या हाताखाली शिकलेले आणि मोटारीचं चाक युद्धात लष्कराच्या लॉऱ्यांवर.

डब्यात सामान रचायचं काम माझ्याकडे आलं आणि मी हरखून गेले. माघ सरत होता, परतवाड्याभोवतीच्या बागांत संत्र्याचा बहर उमलला होता, आणि त्या पांढऱ्या सुगंधात मी दिवसभर डब्याच्या आत-बाहेर करत होते. बाळंतिणीसाठी घडीचं लोखंडी टेबल, अवजारांची पेटी, हिवतापावरच्या कोयनेलच्या डब्या, मलमांच्या बरण्या, फिनाईलच्या बाटल्या, कापसाची बोचकी, रॉकेलचा डबा आणि सर्वांत अवजड असं पाण्याचं पिंप. एवढ्या सगळ्यांना दोन हात रुंदीच्या जागेत नांदवायचं म्हणजे नवी सून आणि चार जावा एका चुलीवर नांदवण्यासारखंच होतं. मी जड ते सगळं दाराजवळ, म्हणजे चाकांच्या मागे ठेवलं आणि कापूस, पट्ट्या, चादरी मोटारीकडच्या बाजूला लावल्या. हात धुवायला पाणी दाराशीच मिळावं, हे एक कारण होतं. दुसरं कारण माझ्या अंगात मुरलेलं होतं.

माझे वडील तिवशाजवळ भाजीपाला पिकवत. वांगी, मेथी, कोबी भरलेली बंडी अमरावतीच्या बाजाराला निघाली की आम्ही भावंडं पोत्यांवर बसत असू. उतार लागला की वडील मागे वळून म्हणत, “मांगं सरका रे,” आणि आम्ही सगळे सरपटत बंडीच्या शेवटाला जात असू, म्हणजे जुवाचा भार बैलांच्या मानेवरून तेवढाच हलका होई. चढ आला की पुन्हा पुढे. आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवत नाही. पोराला बोलता येण्याआधी सरकता येतं. बैलाच्या मानेला घट्टा पडलेला दिसला तर वडिलांना घास गोड लागत नसे. मेळघाट म्हणजे चढ-उतार, आणि मोटार बिचारी जुनी. तिच्या मानेवर भार पडू नये, असा विचार करून मी ते पिंप मागे सरकवलं. हसू नका, मी खरोखर ‘मान’ हाच शब्द मनात धरला होता.

रहीमभाईंनी डब्याच्या पुढचा दांडा धरला. डबा मोटारीला जोडायचा तो हा लोखंडी दांडा. त्यांनी तो नुसत्या दोन बोटांनी वर उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, बैलाले मान असते. मोटरीले मान नसते,” ते म्हणाले. “हा दांडा उचलतानी माही कंबर दुखली पायजे. असा हलका राह्यला तं डबा मांगून मोटरीले हालवून टाकीन. पिंप चाकाच्या जराकसं समोर घ्या, अन् खाली, अगदी बुडाले. अन् भरलं तं पूरं भरा. अर्धं पानी डुचमळते.”

डॉक्टरसाहेब तिथेच उभे होते. ते मोठ्याने हसले. स्वतःची कंबर दुखावी म्हणून हट्ट धरणारा ड्रायव्हर आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत, असं म्हणाले, आणि मग माझ्याकडे हात करून त्यांनी सुनावलं की नर्सबाई शेतकऱ्याच्या घरातल्या आहेत, गाडी कशी भरायची ते त्यांना शिकवू नका. मला तेव्हा काय वाटलं? खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. भाजीवाल्याची मुलगी, आणि अकोल्याचा डॉक्टर चारचौघांत तिचा शब्द उचलून धरतो! पिंप जागचं हललं नाही.

पहिले काही दिवस आम्ही पथ्रोटच्या बाजूला सपाटीवर फिरलो. वडगावाहून परतताना मोकळा रस्ता पाहून मोटारीने थोडा वेग घेतला, तेव्हा मागच्या काचेतून मी डब्याकडे पाहत होते. तो आधी किंचित डावीकडे झुकला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. मोटारीची मागची बाजू कोणी धरून ओढावी तशी आमची बैठक डोलू लागली. रहीमभाईंनी ब्रेक दाबला नाही, नुसता पाय उचलला, आणि वेग हळूहळू उतरताच डबा शहाण्यासारखा सरळ झाला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला समजायचं ते समजलं होतं.

मेळघाटातल्या सेमाडोहला निघायच्या दिवशी सकाळी ते पुन्हा दांड्यापाशी उभे राहिले. “सायेब, आज घाट हाय,” एवढंच म्हणाले आणि दांडा दोन बोटांवर तोलून धरला. बोलले डॉक्टरसाहेबांशी, पाहत मात्र माझ्याकडे होते. डॉक्टरसाहेबांनी घड्याळ दाखवलं. मी पट्ट्यांच्या गुंडाळ्या मोजण्यात फार गढून गेले.

घटांग गावाच्या पुढे उतार लागला. रहीमभाई जपून चालवत होते. वळणावळणावर सागाची वाळलेली पानं चाकाखाली चुरत होती, खाली दरीत धुकं विरत होतं आणि मोहाचा तो वास गाडीत भरून राहिला होता. एका सरळ टप्प्यावर डॉक्टरसाहेब म्हणाले की लोक सकाळपासून बसून असतील, जरा वेग वाढवा. वेग वाढला. मग तेच झालं, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पण इथे उतार होता, पाय उचलून वेग काही उतरेना. डब्याने मोटारीला मागून असा हिसका दिला की ती आडवी फिरली. रहीमभाईंनी चाक दरीच्या उलट दिशेला, डोंगराच्या अंगाला घातलं. डबा कुशीवर पडला, मोटार मुरमाच्या भिंतीला घासून थांबली, आणि आम्ही तिघेही जिवंत होतो. रहीमभाईंच्या कपाळातून रक्त वाहत होतं. ते उतरून आधी डब्यापाशी गेले आणि सांडलेलं रॉकेल पाहून लांबूनच ओरडले, “कोनी इडी पेटवू नका!” रस्त्याने जाणारे दोघेजण तेवढ्यात धावत आले होते, त्यांतल्या एकाच्या हातात विडी होती.

चार दिवसांनी मंडळाचे चिटणीस चौकशीसाठी अमरावतीहून परतवाड्याला आले. चौकशी कसली! कागद ते लिहूनच घेऊन आले होते. चालकाने उतारावर वेग आवरला नाही, सबब चालक कामावरून कमी. वेग कोणी वाढवायला सांगितला, ते त्यात नव्हतं. सामान कोणी रचलं, ते नव्हतं. दोनदा दांडा उचलून दाखवणाऱ्या माणसाचं म्हणणं तर नव्हतंच. डॉक्टरसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. ज्या एका वाक्याने हे मिटलं असतं ते त्यांना आठवत नव्हतं, की आठवायचंच नव्हतं, देव जाणे.

मी उभी राहिले आणि म्हटलं, पिंप मी मागे ठेवलं, रहीमभाईंनी बजावलं होतं तरी ठेवलं, दोष माझा आहे. चिटणीसांनी चष्मा काढला, पुसला, आणि अतिशय मायेने माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुमचं मन मोठं आहे,” ते म्हणाले. “गरिबाची रोजी जाऊ नये म्हणून दोष अंगावर घेताय. पण अशाने संस्था चालत नाहीत.” आणि त्यांनी सही केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खरं बोलले, आणि त्यांनी ते दया म्हणून बाजूला सारलं! शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. ही शाबासकी सोसवेना. बाई बोलली म्हणजे कनवाळूपणाने बोलली, ड्रायव्हर बोलला म्हणजे कामचुकारपणाने बोलला, आणि डॉक्टर गप्प राहिला म्हणजे सभ्यपणाने गप्प राहिला, असा तो हिशेब. मी पुन्हा बोलायला लागले तर मला बसायला सांगून पाणी दिलं गेलं. महिन्याभराने डबा दुरुस्त होऊन आला तेव्हा आतल्या फळीवर सुवाच्य अक्षरांत एक सूचना डकवलेली होती: जड सामान चाकांच्या किंचित पुढे व तळाशी ठेवावे, पिंप पूर्ण भरावे. खाली डॉक्टरसाहेबांची सही. एकेक शब्द रहीमभाईंचा. ती वाचून मी संतापाने रडले, आणि मग डोळे पुसून सूचनेप्रमाणे पिंप पुढे सरकवलं, कारण ती बरोबर होती.

त्याच आठवड्यात रविवारी मी अचलपूरला गेले. रहीमभाई वडिलांच्या कारखान्यात, म्हणजे घरापुढच्या पत्र्याखाली, बंडीच्या चाकाचे बाभळीचे आरे तासत बसले होते. ओल्या लाकडाचा तुरट वास येत होता, पायाशी तांबूस ढलप्यांचा ढीग साचला होता. कपाळावरची जखम भरली होती. त्यांच्या बायकोने पाट दिला, चहा आणला. मी सगळं सांगितलं; चिटणीसांचं बोलणं, ती सूचना, ती सही. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला. मनात कुठेतरी होतं की हा माणूसही माझ्याबरोबर संतापेल, आणि दोघांचा राग एका बाजूला पडला की मला जरा हलकं वाटेल.

त्यांनी ऐकून घेतलं. हातातला आरा उन्हात धरून तो सरळ आहे का ते पाहिलं.

“चिटनीससायबासमोर तुमी बोलल्या, थे मले समजलं,” ते म्हणाले. “पन बाई, डबा उलटल्यावर खरं कोनालेबी दिसते. थ्या सकाळी दांडा माह्या हातात होता. तवा तुमाले मालूम होतं का नोतं?”

“होतं,” मी म्हटलं. “वडगावाहून येतानाच कळलं होतं.”

“मंग काहून नाई बोलल्या? ‘रहीमभाई बरोबर म्हनते,’ येवढंच म्हनाचं होतं. तुमचं आयकत होते डाक्टरसायेब.”

आवाजात राग नव्हता. विचारून झाल्यावर उत्तराची वाटही न पाहता त्यांनी वाकस उचलला आणि पुन्हा तासायला लागले. मी चहा संपवला. मग उठले, त्यांच्या बायकोचा निरोप घेतला आणि परतवाड्याच्या रस्त्याला लागले.

ऊन कलत होतं. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी शेतं पसरली होती आणि रस्त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर एकेक बाभूळ उभी होती. मी चिटणीसांना, डॉक्टरसाहेबांना मनातल्या मनात पुन्हा फैलावर घ्यायला गेले, पण शब्द जुळेनात. मागे-पुढे कोणी नाही असं पाहून मी थांबले आणि ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं: “डॉक्टरसाहेब, रहीमभाई बरोबर म्हणताहेत.” मग चालता चालता आणखी एकदा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. म्हणून संपलं, तेव्हा मी एका बाभळीपासून दुसरीपर्यंतसुद्धा पोचले नव्हते.