ताईच्या दारापर्यंत निघालेली घंटी

चेनवालीच्या हातात कुणी बॅग दिली की ती आधी चेन एकदा उघडते, एकदा लावते आणि मगच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते. जिन्याखालच्या त्या एवढ्याशा दुकानात तिची अर्धी हयात गेली. एक शिलाई मशीन, एक स्टूल, भिंतीवर लटकणारी चेनची रिळं आणि वरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपलांचा आवाज. सकाळी कुलूप काढलं की ती देवाला हात जोडते, मशीनला हात लावून तो कपाळाला लावते आणि कामाला बसते. खोटं बोलून चेन विकायची नाही, जुनी चेन साबण लावून चालत असेल तर नवी बसवायची नाही, हा तिचा नेम. त्यामुळे दुकान मोठं झालं नाही, पण शेजारपाजारची सगळी मोडकी दप्तरं तिच्याकडे आली.

बसून बसून गुडघे आखडले तेव्हा डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं. सायकल तिला नवी नव्हती. लहानपणी दोघी बहिणींत मिळून एकच सायकल होती. ताई मागे कॅरिअर धरून पळायची आणि ही पुढे पॅडल मारायची. एकदा ताईने न सांगता हात सोडला आणि ही थेट पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळली. गुडघा फुटला तो भरला, पण घंटीच्या पितळी टोपीला पोचा आला तो कायमचाच. तेव्हापासून ती घंटी सरळ वाजेना. आधी ‘ट्रिंग’ आणि मागून खोकल्यासारखं ‘खर्र’. ताई म्हणायची, "आपल्या घंटीला सर्दी झालीय."

सायकलच्या बॅगची चेन बसवायला येणाऱ्या एका बाईंनी तिला जिओकॅशिंगचा नाद लावला. खेळ साधा. कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवून ठेवतं, तिची जागा फोनच्या नकाशावर टाकतं. आपण सायकल मारत तिथवर जायचं, शोधायचं, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तशीच, होती तिथेच ठेवून द्यायची. आतली एखादी वस्तू घ्यायची असेल तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. कुणाला दाखवायचं नाही, गवगवा करायचा नाही. चेनवालीला हे फार पटलं. कुणी बघत नसताना सरळ वागायचं, यापेक्षा वेगळं देवाचं करणं तरी काय असतं, असं ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "लोक डबे भरून कामाला जातात. माझी बायको रिकामे डबे शोधायला जाते."

"रिकामे नसतात," ती म्हणाली. "आणि तुमचा डबा भरूनच जाते."

या खेळात काही वस्तू प्रवासी असतात. त्यांना नंबराची पट्टी लावलेली असते आणि कुठे जायचंय ते लिहिलेलं असतं. ज्याला सापडेल त्याने ती आपल्या वाटेवरच्या पुढच्या डबीत नेऊन ठेवायची आणि नकाशावर तसं नोंदवायचं. असं हातोहात करत वस्तू कुठच्या कुठे पोचते. हे कळलं त्या दिवशी चेनवालीने माळ्यावरून ती जुनी घंटी काढली, चिंचेने घासली आणि तिच्यामागे पितळी पट्टी जोडून वर कोरून घेतलं: ‘मला सायकलवरूनच पुढे न्या. ताईच्या गावी जायचंय.’ खाली ताईचं नाव आणि पत्ता.

ताईचं गाव लांब, सायकलने दिवसभराची वाट. बसने घंटी कधीच पोचली असती, पण मग त्यात मजा ती काय. ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "मी दारात खुर्ची टाकूनच बसते. वाजवायला सांग येईल त्याला. मी आवाजावरून ओळखीन."

घंटी निघाली. पहिल्या डबीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. नकाशावर तिचं ठिकाण पुढे सरकलं की चेनवाली मशीन थांबवून ताईला फोन करायची. मग घंटी नदीवरच्या पुलाशी आली आणि थांबली. नकाशात ती पुलाखालच्या डबीत होती, पण लोक जाऊन बघायचे तर डबीत नव्हती.

डब्या शोधणाऱ्यांचं एक सायकल मंडळ होतं, त्याच्या सेक्रेटरीने तेव्हा सगळ्यांदेखत मत दिलं. त्याचं फरश्यांचं मोठं दुकान, सायकल अशी की एका बोटाने उचलावी, आणि मंडळात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो म्हणाला, "पुलावर रोज झाडायला बाई येते ना? पितळ दिसलं की अशा लोकांचा हात थांबत नाही. भंगारात गेली असेल."

चेनवालीने ते खरं मानलं. ती पुलावर गेली आणि झाडणाऱ्या बाईला आडून आडून विचारू लागली. बाईने झाडू कठड्याला टेकवला.

"काय हरवलंय ते सरळ सांगा," ती म्हणाली. "चोरी विचारायची तर निदान तोंड भरून विचारावी."

चेनवालीने सांगितलं. बाई म्हणाली, "ती डबी मला ठाऊक आहे. तिच्याभोवतीचा कचरा मीच काढते. झाकण उघडलं नाही कधी, दुसऱ्याचं आहे म्हणून." आणि पाठ फिरवून झाडायला लागली.

चेनवाली खाली मान घालून परतली, पण मनातली शंका काही गेली नाही. सेक्रेटरी शिकलासवरला माणूस, तो उगाच कशाला बोलेल.

इकडे ताईचा फोन यायचा. "घंटी कुठवर आली गं?" आधी दारातल्या खुर्चीतून यायचा. पुढे म्हणाली, खुर्ची आत घेतली, दारात वारा लागतो. त्यानंतर म्हणाली, आता पलंगावरूनच बोलते, पाय ऐकत नाहीत. पण विचारायची रोज. आणि चेनवाली रोज सांगायची, "येतेय गं. पुलापाशी आहे."

मग एका रविवारी सेक्रेटरीने मंडळातल्या सगळ्यांना घरी बोलावलं. पाचशे डब्या शोधून झाल्या, त्याचा आनंद. घर म्हणजे फरश्यांचं प्रदर्शनच. प्रत्येक खोलीत वेगळी फरशी, आणि समोरच्या भिंतीवर फरश्यांचाच केलेला एक मोठा धबधबा. त्याच्यासमोर काचेचं कपाट, आत दिवे. लोक हातात बशा घेऊन त्याचं कौतुक करत होते. चेनवालीही बघायला गेली.

मधल्या कप्प्यात मखमलीच्या तुकड्यावर तिची घंटी होती.

तिने डोळे मिटून परत उघडले. पोचा तोच. बाजूला बुद्धिबळातला एक घोडा होता, त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘मला समुद्र बघायचाय’. तो फरश्यांच्या धबधब्याकडे तोंड करून उभा होता. पलीकडे लहान मुलाचा एक बूट, एक भोक पाडलेलं नाणं, एक शिट्टी. सगळ्यांना पट्ट्या, सगळ्यांना कुठे ना कुठे जायचं होतं.

तिने बशी खाली ठेवली. "ही घंटी इथे कशी?"

सेक्रेटरी हसत आला. "छान आहे ना? जुन्या बनावटीची. पुलाच्या डबीत मिळाली."

"माझी आहे. मागे लिहिलंय."

"अरे, तुमची का? मला कल्पनाच नाही." तो जराही गडबडला नाही. "पण बरं झालं ना मला मिळाली. डबीत गंजली असती, कुणी उचलली असती. इथे बघा कशी सुरक्षित आहे. मी जपलीय."

"कुणासाठी जपलीत?"

"म्हणजे?"

"मी विचारतेय, कुणासाठी. त्या घोड्याला समुद्रावर जायचंय. माझ्या घंटीला माझ्या बहिणीकडे जायचंय. ती रोज मला विचारते, कुठवर आली. तिने दारात खुर्ची टाकली होती, ती आता घडी करून ठेवली. आणि तुम्ही इथे खाली दिवा लावून घंटीची शोभा केलीत."

मंडळातले एक काका मध्ये पडले. "जाऊ द्या हो वहिनी, आजच्या दिवशी कशाला."

"आजच. एरवी मला हे कपाट कोण दाखवणार होतं?" तिचा आवाज चढला नाही. "आणि पुलावरच्या बाईचं काय? अशा लोकांचा हात थांबत नाही, हे कोण म्हणालं होतं? तेव्हा घंटी या कपाटात होती की नव्हती?"

"मी ‘असेल’ म्हटलं होतं," सेक्रेटरी म्हणाला. "‘आहे’ म्हटलं नव्हतं."

चोर सापडला तर त्याला निदान चोर म्हणता येतं. हा माणूस दुसऱ्यावर आळ घेऊन वर ‘असेल’ आणि ‘आहे’ यांतून घसरून निघाला होता. पुलावरच्या त्या बाईच्या नजरेला पुन्हा नजर देता येऊ नये अशी गोष्ट, आणि हा बशीतला घास संपवत होता.

एवढ्यात त्याची बायको पुढे आली. बारीक चणीची, दिवसभर पाहुण्यांत वावरून दमलेली. "मला तर सांगितलंत की बक्षिसं मिळालीत," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू यात पडू नकोस."

"रोज काच कोण पुसतं? पडलेलीच आहे मी यात." तिने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि एकेक वस्तू ट्रेमध्ये ठेवायला लागली. घंटी आधी चेनवालीच्या हातात दिली. "घ्या. मी आजवर घासूनपुसून ठेवली. मला माहीत असतं तर मीच सायकल शिकले असते."

कुणीतरी हसलं. ट्रे सगळ्यांसमोर फिरला. काकांनी मान खाली घालून बूट उचलला. घोडा एका मुलीने घेतला, तिची सुट्टी जवळ आली होती, समुद्राकडे जाणार होती.

सेक्रेटरी दारापर्यंत आला. "एवढं मनावर घेऊ नका. उद्या ड्रायव्हरबरोबर गाडीने पाठवतो, दुपारपर्यंत तुमच्या ताईंच्या हातात."

"वाचता येतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "पट्टीवर पहिलंच वाक्य आहे."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानाच्या दारावर ‘दोन दिवस बंद’ अशी पाटी लावली. घंटी आपल्याच सायकलला बसवली. नवऱ्याने एवढंच म्हटलं, "गुडघे तुझे आहेत की भाड्याने आणलेस?" मग कामावर रजा टाकून तो तिची पिशवी आणि मलमाची बाटली घेऊन बसने पुढे निघाला, वाटेत जागोजागी थांब्यावर उतरून तिची वाट बघत.

पुलावर ती उतरली. झाडणारी बाई होतीच. चेनवालीने हात जोडले. "घंटी सापडली. माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट आलं होतं. चुकलं."

बाईने घंटीकडे बघितलं. "कुठे होती?"

"ज्याने तुमचं नाव घेतलं, त्याच्याच घरात."

बाई हसली नाही. तिने बोटाने एकदा घंटी दाबली, ऐकली. "एवढ्या खोकल्यासाठी माझं नाव घेतलं होय," ती म्हणाली. "जावा. ऊन चढतंय."

तिन्हीसांजेला चेनवाली ताईच्या गल्लीत शिरली. पाय लाकडाचे झाले होते. दाराशी येऊन तिने घंटी वाजवली. ट्रिंग, खर्र. परत वाजवली. दारात कुणी आलं नाही. येणार कसं. आतून आवाज आला, बारीक, पण तोच.

"तिथे काय वाजवतेस? आत आण. सायकलसकट."

तिने सायकल उंबऱ्यावरून उचलून आत घेतली, पार पलंगापर्यंत. दाराच्या मागे घडी घातलेली खुर्ची उभी होती. पुलापासून इथपर्यंतच तर वाट राहिली होती. घंटी वेळेवर निघाली असती तर ताई त्या खुर्चीतून उठून दोन पावलं समोर आली असती. तेवढी दोन पावलं एका माणसाने काचेमागे ठेवून दिली, आणि तो म्हणतो जपली.

ताईने हात लांब करून घंटी चाचपली. अंगठा बरोबर पोच्यावर गेला. तिने वाजवली, मग वाजवतच राहिली, शेजारीण डोकावून जाईपर्यंत.

"अजून ब्रेक लागत नाही वाटतं तुला," ती म्हणाली. "एवढा उशीर."

चेनवालीने सगळं सांगितलं, घुटका घुटका पाणी पीत, सेक्रेटरीला जे जे म्हणायचं राहून गेलं होतं ते इथे म्हणत. नवरा दारात मलमाची बाटली घेऊन उभा होता, तोही मान हलवत होता. शेवटी ती म्हणाली, "आता इथेच राहू दे. उशाशी ठेव. हाक मारायला उपयोगी पडेल."

ताईचं बोट घंटीवर तसंच होतं.

"आजची रात्र राहू दे," ती म्हणाली. "उद्या पुढे पाठव."

"पुढे कुठे? तुझ्यापर्यंतच यायची होती."

"उशाशी ठेवली तर त्याच्या कपाटात आणि माझ्या पलंगात फरक काय राहिला? कुणीतरी असेल दारात बसलेलं."

चेनवालीचा जीव तुटला, रागही आला, ताईचाच. पण ताईने लहानपणीही असाच न सांगता हात सोडला होता. सकाळी तिने गावातल्या कोरणाऱ्याकडून नवी पट्टी करून आणली आणि ताईला वाचून दाखवली. सायकलवरूनच न्या, हे पहिलं वाक्य तसंच ठेवलं होतं. ताईचं नाव काढून तिथे ‘दारात वाट बघणाऱ्या कुणाकडेही’ असं घातलं होतं. आणि खाली, ताईने न सांगता, तिने स्वतःच्या मनाने एक ओळ वाढवली होती: ‘कपाटात ठेवू नये.’