पाणीचोरांच्या शेपट्या

कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडाल. आता काय सांगू तुम्हाला, यंदा मी अशी माती खाल्ली!

आमच्या गावतलावाचं पाणी यादीप्रमाणे मिळतं. यादीत नाव नाही, तर धानाला पाणी नाही. ती यादी मोबाइलवर उतरवायचं काम गावाने माझ्याकडे दिलं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाकडे! गावाची अक्कल बघा.

मी प्रत्येकाचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आणि मागे जोडलं 'पाणीचोर'. खोटं काय त्यात? पाण्यासाठी दुसऱ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, फोडला नाही असा एक तरी माणूस दाखवा! एक नंबरला मात्र नुसतं 'दसरू'. म्हणजे मी. आपल्याला कोण ओळखत नाही?

दोन दिवस एकटाच हसलो. तिसऱ्या दिवशी पाणी सोडणाऱ्या सुखदेवचा निरोप आला, "दहा वाजता यादी घेऊन तलावावर या."

मेलो! ती यादी आता गावापुढे वाचली जाणार! सून कविता शेजारच्या गोरेगावला कॉम्प्युटर शिकवते. तिच्यापुढे हात जोडले.

"मामाजी, काऊन असे धंदे करता?"

"शिव्या मंग दे, पहिले शेपट्या काप!"

तिने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. "कॉम्प्युटरले नाव म्हणजे मण्यायची माळ. काना-मात्रा अन् मधली जागा धरून मागचे आठ मणी तोडते. कोणते, ते पाहात नाही. सगळ्यायले शेपूट आहे ना?"

"सगळ्यायले!"

"एकदा पाहून घेऊ?"

"कायले? धान कापताना एकेक लोंबी पाहतेत का?"

टक! अख्खं गाव एका झटक्यात साव! छापलेली यादी घेऊन, मिशीला पीळ देत तलावावर गेलो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळं गाव जमलं होतं.

सुखदेव वाचायला लागला. "एक नंबर... कोरा."

"कोरा? मी आहो ना गा, दसरू!"

"इथं कोणीच नाही. दोन नंबर..."

अरे देवा! बिनशेपटीचं एकच नाव, तेही चार मण्यांचं. कॉम्प्युटरने मुंडक्यासकट नेलं! इकडे माझ्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, भेगा पडून राहिल्या होत्या. मी घाईघाईने मोबाइल काढला.

"हे पाहा जुनी यादी! एक नंबर मीच!"

सगळे वाकले. एक नंबर वाचला. मग दोन. मग तीन.

"दसरूबुढ्याऽऽ!" तलावावरचे बगळे उडाले हो!

तेवढ्यात म्हातारी सकूबाई खदखदली, "खोटं काय लिहिलं गा त्यानं?" आणि अख्खी पाळ हसायला लागली.

पुरावा पक्का होता. पहिलं पाणी माझ्याच बांधीत! जिंकलो की नाही?

फक्त कोऱ्या जागी सुखदेवने पेनाने नाव भरलं, सकूबाईने सांगितलं तसं. यादी अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. अख्ख्या गावात चोर एकच: 'दसरू पाणीचोर'!