दीड वेढा

तितूरकाका कुणालाही भेटले की आधी चेहरा बघत नसत, कापड बघत. पार्सिपनीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझी बाही दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "भाऊ, याच्यात सूत नाही. गरम होत असन." माझा तो ऑफिसातला सगळ्यात भारी शर्ट होता. त्या दिवसापासून माझं त्यांच्याशी बिनसलं. त्यांना मात्र याचा पत्ताही नव्हता.

शेजारच्या सुजाताचे ते वडील. भंडाऱ्याकडचे, विणकराच्या घरातले. घरचा माग बंद पडल्यावर पोस्टात चिकटले, निवृत्त झाले आणि सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले. सुजाता आणि मी एकाच कंपनीत, रॉनच्या हाताखाली. दोन हजार साल उजाडायच्या आत जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम जोरात चालू होतं, आणि माझ्या ग्रीन कार्डाचे कागद रॉनच्या सहीसाठी पडून होते. रॉनचा जीव ट्राउट माशांत. म्हणून माझाही जीव ट्राउटमध्ये अडकला. दर शनिवारी तो मला नदीवर न्यायचा. टीममध्ये हा मान एकट्या माझा होता, आणि तो मी हातचा जाऊही देत नव्हतो.

ट्राउटला गांडूळ लावायचं नाही, तर गळावर रेशीम आणि पीस बांधून खोटी माशी करायची. ती पाण्याखालून वाहत जाते, पिसाचे मऊ केस हलतात, आणि माशाला वाटतं की किडा वर यायला धडपडतोय. मी यासाठी क्लास लावला होता, जाड पुस्तक आणलं होतं, गळ पकडायला टेबलावर छोटा शिकंजा बसवला होता. एका रविवारी सुजाता म्हणाली, "अरे, बाबा दिवसभर टीव्ही बघून बोअर होतात. जरा बसू दे ना तुझ्याकडे." मी मोठ्या मनानं हो म्हटलं.

काकांनी पिसाचं पाकीट उघडलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे तं आमच्या रानातल्या तितुरावानी दिसते!" तितूर म्हणजे तित्तिर पक्षी; त्यावरून त्यांना तितूरकाका हे नाव मी तेव्हा चेष्टेनं ठेवलं. पंधरा मिनिटं माझं काम पाहून ते उठून गेले आणि घरून कोशाच्या रेशमाची रीळ घेऊन आले. परदेशी येताना माणसं लोणचं आणतात. यांनी वडिलांच्या मागावरचा धागा आणला होता. त्यांनी गळावर रेशीम गुंडाळलं, वर पीस फिरवलं, गाठ मारली. "पिसाचा दीडच वेढा, भाऊ. दुसरा पुरा केला का हावरेपणा झाला."

माझ्या पुस्तकात दोन वेढे लिहिले होते. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तक बराबर असन. मासोळीनं वाचलं काय?"

पुढच्या शनिवारी ती माशी पाण्यात पडली आणि ओल्या रेशमाला असा काही रंग चढला की रॉन बघतच राहिला. तासाभरात चार ट्राउट लागले. रॉननं विचारलं, "तू बांधलीस?" मी "हो" म्हणालो. अगदी सहज. मग त्यानं डझनभर मागितल्या, आणि मी काकांकडे जाऊन 'प्रॅक्टिससाठी' म्हणून त्या बांधून घेतल्या. त्यांनी कशाला म्हणून विचारलंही नाही. एकदा फक्त नदीवर सोबत आले. आम्ही मासा धरून परत सोडतो हे पाहून हळहळले. "सोडून देतेत? मंग धरतेत काऊन?"

जुलैमध्ये रॉननं अंगणात पार्टी ठेवली. सुजाता काकांना घेऊन आली. रॉनचे नदीवरचे सगळे दोस्त जमले होते, आणि त्यानं मधोमध टेबलावर शिकंजा, गळ, पिसं आणि मी 'माझं' म्हणून त्याला दिलेलं थोडं कोशाचं रेशीम मांडलं होतं. "बांधून दाखव." माझी बोटं लाकडाची झाली. दीड, दोन, तीन, किती वेढे गेले कोण जाणे. शेवटी गळावर जे बसलं होतं ते मिशा फुटलेल्या झुरळासारखं दिसत होतं. कुणी हसलं नाही, तेच वाईट होतं.

तेवढ्यात काका पुढे आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, ही टीचर. आय स्टुडंट. टुडे टीचर टायर्ड." आणि उभ्या उभ्या त्यांनी माशी बांधली. टाळ्या पडल्या, आणि काय शिकवलंय म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याहून वाईट म्हणजे मी जळत होतो. माझ्यासाठी खोटं बोलण्यातसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा सफाईदार निघाला होता.

ऑक्टोबरात ते परत गेले. विमानतळावर आत जायच्या आधी रीळ माझ्या खिशात घातली आणि सवयीनं शर्टाची कड चोळून पाहिली. "हे सुती आहे. बरं केलं." माफी मागायचं मी घरून ठरवून आलो होतो. "काका, सांभाळून जा," एवढंच म्हणालो.

नदीवरच्या मंडळींनी त्या माशीला माझं नाव दिलं, 'आपटे'. दुकानात जसा साबण मागावा तसे ते एकमेकांकडे आपटे मागायचे. माझ्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर रॉनची सहीही झाली. पुढच्या वसंतात सुजातानं दार वाजवलं. काका झोपेतच गेले होते.

त्या शनिवारी रॉननं पलीकडून हाक मारली, "एक आपटे दे!" मी पाण्यातून त्याच्यापर्यंत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. रॉननं आपला गळ ओढून धागा गुंडाळून घेतला. मग म्हणाला, "पार्टीतच कळलं होतं आम्हाला. तुझे हात पाहिले ना."

"मग माझं नाव का दिलंत?"

"पार्टीतून निघताना त्यांनी माझा हात धरला. तुझ्याकडे बोट करून म्हणाले, 'फ्लाय नेम, ही. नॉट मी.'"

मला रडू यायला हवं होतं. ते आलंही, पण नंतर, घरी जाताना. तिथे, गुडघाभर गार पाण्यात, मला आधी वाटला तो हेवाच. रॉनला द्यायला काढलेली माशी माझ्या तळहातावर होती. मीच बांधलेली, काकांच्याच रेशमाची. मी पिसाचे वेढे मोजले. दोन होते.