तोळ्याची हलकी चाकं

टायरच्या दुकानात त्याला सगळे तोळा म्हणत. जेवायला बसला तरी डब्याचं झाकण आधी तळहातावर तोलणार आणि म्हणणार, "नव्वद ग्रॅम." कुणी विचारलेलं नसायचं. एकदा दुकानातल्या सगळ्यांनी मिळून खरंच काट्यावर ठेवून बघितलं, तर एक्क्याण्णव निघाले. तोळ्याने झाकण उचललं, आतली चिकटलेली भाजी बोटाने पुसली आणि परत ठेवलं. नव्वद. त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी वाद घातला नाही.

तेवीस वर्षं तो बॅलन्सिंगच्या मशीनवर होता. काम तसं साधं. चाक दांड्यावर चढवायचं, आवळायचं, वरचं झाकण पाडायचं. चाक गरगर फिरून थांबलं की पडद्यावर दोन आकडे येतात, आतल्या बाजूला किती ग्रॅम कमी आणि बाहेरच्या बाजूला किती. शिशाच्या पट्टीतले पाच-पाच ग्रॅमचे तेवढे तुकडे रिमला चिकटवायचे आणि परत फिरवायचं. दोन्हीकडे शून्य आलं की चाक पास. इतरांना तीन-तीन फेऱ्या लागत, तोळ्याला एक. शून्य-शून्य आलं की तो घसा खाकरायचा आणि मशीनकडे असा बघायचा, की जणू शाळेत त्याला यानेच घातलं होतं.

पण तोळा गाजला होता तो एका वाक्यासाठी. एखादं गिऱ्हाईक परत यायचं, म्हणायचं, अहो, गाडी अजून थरथरतेय, स्टीअरिंग हातात राहत नाही. तोळा गाडी घेऊन एक चक्कर मारून यायचा. उतरायचा. फडक्याला हात पुसायचा, एकेक बोट वेगळं, सावकाश. मग मान डावीकडे कलती करून नाकात म्हणायचा, "साहेब, चाक थरथरत नाहीये. हात थरथरतायत तुमचे." इथे एक पॉज. "वयोमानाने होतं."

चाकं सरळ रेषेत लावणाऱ्या अलाइनमेंटवाल्याला, म्हणजे सरळ्याला, हे वाक्य तोळ्यापेक्षा चांगलं यायचं. फडकं, मान, नाक, पॉज, सगळं. तोळ्याच्या पाठीमागे उभा राहून तो नुसते ओठ हलवायचा आणि हवा भरणारा हसू दाबता दाबता कंप्रेसरवर बसायचा.

एका निवृत्त मास्तरांनी हे वाक्य तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ते आले नाहीत. घरच्यांनी त्यांची गाडी विकून टाकली, म्हणाले, आता तुम्ही चालवू नका. महिन्याभरात तीच गाडी नव्या मालकाबरोबर दुकानात आली आणि पुढचं उजवं रिम वाकलेलं निघालं. अंगठा बसेल एवढं. तोळ्याने रिम बदललं. मास्तरांना कळव की, असं दुकानाचे मालक म्हणाले. "कळवतो," तोळा म्हणाला, आणि कळवलं नाही.

त्याची स्वतःची एक गाडी होती. छोटी, दोन माणसांची, कापडी छपराची स्पोर्ट्स कार, वीस वर्षं जुनी. तिला हलकी करणं हाच त्याचा संसार. आधी स्टेपनी काढली. मग जॅक, मग गालिचा, मग रेडिओ. बायको बसायला आली की म्हणायचा, "अगं, पर्स घरी ठेव."

"अहो, त्यात काय आहे? चष्मा आणि रुमाल."

"सातशे ग्रॅम भरते ती."

"मग मीच उतरते ना. गाडी उडेलच तुमची."

चेष्टा होती हे त्याच्या लक्षात आलं, पण हिशोब करून झाल्यावर.

मग ती चाकं आली. चौदा महिने वाट बघून. कंपनीची मूळ चाकं साडेसात किलोची एकेक, ही पाच किलो शंभर ग्रॅम. आरे एवढे बारीक की पलीकडचा माणूस ओळखू यावा. तोळ्याने एक चाक दोन बोटांवर अडकवलं आणि दुकानभर मिरवलं. वरातीला फक्त घोडाच बाकी होता.

"छान आहे," सरळ्या म्हणाला. "पथ्याचं आहे का? जेवणानंतर घ्यायचं?"

"तुला नाही कळायचं. फिरणाऱ्या भागातला एक किलो म्हणजे बसलेल्या माणसाचे चार."

"मग वहिनींना फिरवत का नाहीस?"

चाकं चढली. शून्य-शून्य, पहिल्याच फेरीत. तोळा हमरस्त्याला लागला, सत्तरला पोचला, आणि स्टीअरिंग थरथरायला लागलं.

परत आला, चाकं उतरवली, फिरवली. शून्य-शून्य. चढवली, गेला, थरथर. दुसऱ्या दिवशी टायर काढून रिमवर फिरवून बसवले. तिसऱ्या दिवशी बेअरिंग. मग म्हणाला, चाक हलकं आहे ना, रस्त्याचा कण न् कण हाताला कळतो. मग म्हणाला, रस्ताच वाईट आहे. तीन आठवड्यांत ती चाकं मशीनवर अकरा वेळा चढली आणि मशीन अकरा वेळा शून्य म्हणालं. तोळ्याने मशीनची तपासणी करायला लावली. मशीन ठणठणीत.

घरी बशीत कप वाजत होता. "अहो, तुमचाच वाजतो," बायको म्हणाली.

"टेबल लंगडं आहे."

त्याने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. कप वाजतच राहिला. बायकोने स्वतःचा कप त्याच्या शेजारी ठेवला. तो वाजला नाही. त्या दिवसापासून तोळा चहा उभ्याने प्यायला लागला, पेल्यातून.

शेवटी सरळ्या म्हणाला, आण इकडे, मी बघतो. गाडी घेऊन गेला, दहा मिनिटांत आला. उतरला. फडकं घेतलं. एक बोट पुसलं, मग दुसरं. दुकान आधीच थांबलं होतं. सरळ्याने मान डावीकडे कलती केली.

"तोळाशेठ," नाकात म्हणाला, "चाक थरथरत नाहीये."

आणि पॉज घेतला. तो काही संपेचना. पुढचं वाक्य बोलायची गरजच नव्हती. हवा भरणारा कंप्रेसरवर बसला. एक गिऱ्हाईक, ज्याला काहीच माहीत नव्हतं, तेही हसलं. तोळ्याने हात खिशात घातले.

हे मालकांच्या कानावर गेलंच. त्यात त्याच आठवड्यात दोन गिऱ्हाईकं परत आली होती. रिमवर पट्टी वाकडी चिकटलेली, एक तर सुटूनच गेलेली. मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आले आणि फारच थोडं बोलले.

"संध्याकाळी पाचला तुझी गाडी मी चालवणार. थरथरली तर चाकं खराब, आपण परत पाठवू. नाही थरथरली तर उद्यापासून मशीनवर सरळ्या. तू हवा भर."

"थरथरते, मालक."

"बघू की."

तोळ्याला उत्तर माहीत होतं. आदल्या दिवशी घराखाली गाडी बंद करून तो बसला होता. इंजिन बंद, चाकं थांबलेली, हात स्टीअरिंगवर. आणि किल्लीचा जुडगा टिकटिक वाजत होता. त्याने आधी जुडग्याकडे बघितलं. मग हातांकडे, जसं दुसऱ्याच्या गाडीकडे बघावं तसं. सवयीने मनात वाक्यही आलं. पॉजसकट.

दुपारी सगळे डबे उघडून बसले तेव्हा तो गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला. तेवीस वर्षांत चाक बिघडवायला वजन लावायची पहिलीच वेळ. बारा तुकड्यांची पट्टी, साठ ग्रॅम. आऱ्याच्या मागे हात घालून चिकटवायची, एवढंच. पट्टी पहिल्यांदा टायरलाच चिकटली. दुसऱ्यांदा मधे दुमडली. तिसऱ्यांदा बसली, वाकडी का होईना, पण शेवटचा तुकडा बोटांतून निसटला आणि घरंगळत नाल्याच्या जाळीत गेला. तोळ्याने जाळीत डोकावून बघितलं. मग उठला.

पाचला मालक गाडीत शिरले. शिरले म्हणजे गाडी त्यांनी अंगावर चढवली. शेजारी तोळा. सत्तरला स्टीअरिंग असं नाचायला लागलं की समोरच्या कप्प्याचं झाकण उघडलं आणि मालकांचे दोन्ही गाल वेगवेगळ्या तालात हलायला लागले. तोळ्याने त्यांचे हात बघितले. मालकांचे धडधाकट, जाडजूड हात, आणि तेही थरथरत होते. महिन्याभरात तो पहिल्यांदा मोकळा हसला.

"थरथरते," दुकानात परतल्यावर मालक सगळ्यांसमोर म्हणाले. "मान्य. भयंकर थरथरते."

"मी म्हणतच होतो."

"मग ही बॅलन्स कुणी केली?"

तोळा फडक्याला बोटं पुसायला लागला.

"अकरा वेळा, नाही का? मशीन चांगलं. आपण तपासून घेतलं, तुझ्याच हट्टाने. रस्त्यावर दुसऱ्या गाड्या नीट चालतात. मग राहिलं कोण?"

आता पट्टीचं सांगावं तर हात उघडे पडणार. न सांगावं तर तेवीस वर्षं पाण्यात. तोळ्याने दोन्ही बाजू तोलल्या, आणि त्याला घाई करायला कुणी गेलं नाही. सगळ्यांनी इतकी मजा कधी बघितली नव्हती.

"मला जमलं नाही, मालक," तो शेवटी म्हणाला. "माझ्याकडून चाक चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोळा हवेच्या नळीशी उभा होता. मशीनवर सरळ्या. मालकांनी आधी तोळ्याचीच चाकं घ्यायला सांगितली, परत पाठवायची की नाही ते ठरवायला. सरळ्याने पुढचं डावं चाक चढवायला घेतलं, आत हात घातला आणि थांबला. नखाने पट्टी सोलून काढली. चाक फिरवलं. शून्य-शून्य.

तो पट्टी घेऊन बाहेर आला, मालकांसमोर. तळहातावर ठेवून तोलली, मान डावीकडे कलती केली आणि नाकात म्हणाला, "साठ ग्रॅम."

तोळा एका स्कूटरच्या चाकाशी वाकला होता. हवा भरून झाली होती, व्हॉल्व्हचं टोपण तेवढं बसवायचं होतं. त्याने मानही वर केली नाही.

"पंचावन्न," तो म्हणाला. "एक तुकडा जाळीत पडला."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. कुणी हसलं नाही. मालक त्याच्या हातांकडे बघत होते, सरळ्याही, आणि आता स्कूटरवालाही. टोपण व्हॉल्व्हवर टेकायचं, एक आटा धरायचं आणि सुटायचं. टेकायचं आणि सुटायचं. तिघंही वाट बघत उभे राहिले.